कापलेली चौकट आणि हरवलेला पुरावा

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रसंस्थेचा 1977 मधील ‘क्लॅन्स ऑफ इंट्रीग’ हा चित्रपट असला, तरी त्यामागचा आग्रह एकच आहे आणि तो असा की, रहस्यपट पूर्ण रुंदीत पाहिला नसेल तर तो पाहिलाच नाही असे समजावे. ‘वूश्या’ म्हणजे शस्त्रविद्येत निपुण अशा परोपकारी वीरांच्या कथा, आणि ‘ज्यांगहू’, शब्दशः ‘नद्या व सरोवरे’, म्हणजे या वीरांचे राजसत्तेच्या कायद्याबाहेरचे जग, हे ब्रूस लीची पारायणे केलेल्या श्रोतृवर्गाला विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही.

कथा थोडक्यात अशी की, केवळ स्त्रियांची सत्ता असलेल्या एका महालातून रंग-वास नसलेले विषारी पाणी चोरीला जाते, त्याच विषाने बड्या पंथांचे प्रमुख मरतात, आणि संशय चू ल्यूश्यांग या रसिक चोरावर येऊन खरा गुन्हेगार शोधण्याची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते. टी लुंग या नटाने रंगविलेल्या या चोराची कथा पडद्यावर आणणाऱ्या दिग्दर्शकाचे नावही चोर युएन असावे, यावर सभागृहात उसळलेला हशा रास्तच आहे. मात्र मूळ कँटनी उच्चार ‘चो’च्या जवळ जाणारा असल्याने त्या सभ्य गृहस्थावर विनाकारण आळ येऊ नये. खुन्याचे नाव येथे सांगितले जाणार नाही, पुढच्या रांगेने कितीही आर्जव केले तरी.

मूळ कादंबरीकार गू लोंग (1938–1985) याच्याविषयी दोन वाक्ये पुरेशी होती, परंतु तो दोन वाक्यांत आवरणारा लेखक नव्हे. तैवानमध्ये राहून लिहिणाऱ्या, मद्याच्या आहारी गेलेल्या या लेखकाने आखूड वाक्ये व त्याहून आखूड परिच्छेद रूढ केले. तलवारबाजीची लांबलचक वर्णने टाळून घाव एका ओळीत संपविला आणि उरलेली जागा संशयाला दिली. त्याचा नायक चोरीपूर्वी धन्याला सौजन्यपूर्ण चिठ्ठी पाठवितो, नौकेवर तीन मैत्रिणींसह राहतो आणि कोणाचाही जीव घेत नाही. जेम्स बाँडची सावली येथे दिसते, पण बाँडला हा शेवटचा नियम परवडला नसता. गू लोंगच्या मद्यपानाचे किस्से रात्रभर पुरतील. घड्याळ मात्र ते पुरू देणार नाही, आणि अध्यक्षांची पहिली चिठ्ठी मेजावर येऊन पडलीच आहे, तिच्यात सौजन्य जरा कमी असले तरी.

मूळ मुद्दा चौकटीचा आहे. ‘शॉस्कोप’ या पद्धतीत विशिष्ट भिंगाने चित्र फितीवर आडवे दाबून घेतले जाते आणि पडद्यावर पुन्हा पसरविले जाते, त्यामुळे चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे 2.35 पट होते; जुन्या दूरचित्रवाणीसंचाची रुंदी अवघी 1.33 पट असल्याने संचाची काच पूर्ण भरायची तर चित्राचा सुमारे 43 टक्के भाग कापावा लागे. क्लिअरवॉटर बे येथील चित्रनगरीत, कृत्रिम धुके सोडून, चोर युएन कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात फुलांची फांदी, कंदील किंवा जाळीदार पडदा ठेवी, पात्रे एका बाजूला सरकवी आणि दुसऱ्या बाजूची जागा संशयासाठी मोकळी सोडी. कापलेल्या चित्रात संवाद डाव्या नाकाचा उजव्या नाकाशी होतो, मध्ये फुलदाणी. आणि कडेला कान देऊन उभे असलेले पात्र, म्हणजे प्रत्यक्ष पुरावाच, कात्रीखाली जातो.

‘गोष्ट कळली म्हणजे झाले’ असा आक्षेप मागील रांगेतून आलाच आहे. त्यावर उत्तर असे की, या चित्रपटातील गोष्ट पूर्ण रुंदीतही पहिल्या फेरीत कळत नाही, मग निम्म्या चित्रात काय कळणार? सेलेस्टियल पिक्चर्सने 2002 पासून शॉ ब्रदर्सचे चित्रपट दुरुस्त करून पूर्ण रुंदीत उपलब्ध केले, तेव्हा कुठे ही कड परत मिळाली.

दुसरी चिठ्ठी आली आहे. 1978 मधील ‘लेजंड ऑफ द बॅट’ हा पुढचा भाग त्यामुळे राहिला. मूळ कादंबरीतील वटवाघूळ-बेटावर तर गुडूप काळोख असतो, तेथे चौकटीच्या कडेचे काय होते हा प्रश्न अध्यक्षांनी चहानंतरच्या चर्चेवर ढकलला आहे.