एका खिडकीचा उजेड

ग्रीक धातूंवरून बनलेल्या 'फोटोग्राफी' या शब्दाचा अर्थ 'प्रकाशानें लिहिणें' असा होतो. मराठीनें मात्र त्याच कलेच्या फळास 'छायाचित्र' असें नांव दिलें. या दोहोंपैकीं मर्मास धरून कोणतें, असें विचारल्यास स्टुडिओंत हयात घालविलेला कारागीर मराठीच्या बाजूनें कौल देईल. उजेड कोणालाहि पाडतां येतो. सावली कोठें पडूं द्यावयाची, हें ठरविण्यांतच खरें कौशल्य आहे.

नवशिक्याची समजूत अशी असते कीं, दिवे जितके अधिक तितकें चित्र उत्तम. तो उजवीकडे एक व डावीकडे एक असे दोन सारखे दिवे मांडतो. परिणामीं नाकाच्या दोहों बाजूंस दोन सावल्या उमटतात, गालांची गोलाई नाहींशी होते आणि सुंदर मुखहि थापलेल्या भाकरीसारखें सपाट दिसूं लागतें. आकाशांत सूर्य एकच असल्यामुळें माणसाच्या दृष्टीस एकाच बाजूच्या सावलीची संवय झालेली आहे. म्हणून मुख्य दिवा एकच असावा, हा पहिला नियम होय.

हा दिवा ठेवावा कोठें? साध्या व्यक्तिचित्रांत मुखापुरता विचार केला म्हणजे भागतें. फॅशनच्या चित्रांत मात्र मुख आणि वस्त्र असे दोन मानकरी असतात व त्यांच्या मागण्या परस्परविरुद्ध असतात. मुखास समोरून, किंचित् उंचावरून येणारा मृदु प्रकाश मानवतो. त्यांत सुरकुत्या व व्रण लपून जातात. वस्त्रास बाजूनें घासून जाणारा प्रकाश हवा असतो. त्यावांचून विणीचे धागे, निऱ्यांच्या घड्या, भरतकामाचा उठाव यांपैकीं कांहींच नीट दिसत नाहीं. या तंट्यांत तडजोड करावयाची ती अशी: दिवा समोर व बाजू यांच्या मध्यावर, म्हणजे सुमारें ४५ अंशांवर, आणि डोळ्यांच्या पातळीहून वर ठेवावा. नाकाची सावली गालाकडे तिरकी उतरावी, परंतु तिनें ओंठांस स्पर्श करूं नये. आणि बुबुळांत प्रकाशाचा एक ठिपका चमकावा. तो ठिपका नसेल, तर डोळे निस्तेज भासतात.

सावलीचा मृदुपणा दिव्याच्या शक्तीवर नव्हे, तर त्याच्या आकारावर व अंतरावर अवलंबून असतो. लहान उघडा दिवा धारदार सावली पाडतो. तोच ताणलेल्या पांढऱ्या कापडाआड ठेवला, म्हणजे सारें कापडच दिवा बनतें आणि सावलीची कड विरघळते. हें कापड जितकें मोठें व जितकें जवळ, तितकी सावली मऊ. लहान दिव्याचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाई उरतो, हा शाळेंत शिकविला जाणारा नियमहि येथें उपयोगी पडतो. व्यक्ति दिव्याजवळ आणि मागचा पडदा दूर असेल, तर पडदा आपोआप काळवंडतो व आकृति उठून दिसते. अंधाऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा धरला, कीं दुसऱ्या दिव्याचें कारण उरत नाहीं. तो पुढेंमागें करून सावली हवी तितकी उजळावी. जरीच्या पदरावर झळाळी फार आली, तर दिवा मंद न करतां पदराचा कोन बदलावा. कारण जरीचा धागा आरशाप्रमाणें ठराविक कोनांतच उजेड परत फेंकतो.

या साधेपणाची सामर्थ्यवान् साक्ष अमेरिकन छायाचित्रकार आयर्व्हिंग पेन (१९१७–२००९) यांच्या कामांत मिळते. १९४८ च्या डिसेंबरांत पेरू देशांतील कुझ्को शहरीं त्यांनीं एका स्थानिक छायाचित्रकाराचा स्टुडिओ नाताळच्या दिवसांत भाड्यानें घेतला. तेथें होता तो दिवसाचा उजेड आणि एक रंगविलेला पडदा. आपलें चित्र काढून घेण्यास आलेल्या गांवकऱ्यांस पेन यांनीं उलट स्वतःच पैसे दिले. पुढें १९५० सालीं 'व्होग' या नियतकालिकासाठीं पॅरिसच्या नामांकित शिंप्यांचे उंची पोशाख चित्रित करण्याचें काम त्यांनीं केलें, तेंहि एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, दिवसाच्या उजेडांत व नाटकगृहांतील एका जुन्या पडद्यापुढें. त्याच जागीं, त्याच पडद्यापुढें त्यांनीं खाटीक, काचा बसविणारे, काकड्या विकणारे अशा कष्टकऱ्यांसहि त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हातीं अवजारें देऊन उभें केलें. उजेडानें दोघांत भेद केला नाहीं. रेशमाची सळ जितक्या आदरानें टिपली गेली, तितक्याच आदरानें खाटकाच्या डागाळलेल्या कपड्याची घडीहि.

ज्यांच्यापाशीं स्टुडिओ नाहीं, त्यांच्या घरांत निदान एक खिडकी असतेच. उत्तरेची असल्यास उत्तम, कारण तींतून बहुधा ऊन येत नाहीं. मात्र पॅरिसचा हा नियम मुंबई-पुण्यास वर्षभर लागू पडत नाहीं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या या शहरांत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या दिवसांपर्यंत माध्यान्हीचा सूर्यहि उत्तरेकडे कलतो. त्या दिवसांत खिडकीवर धुवट पांढरें धोतर ताणावें. खोलींतील इतर दिवे मालवावे. व्यक्तीला खिडकीपासून दोन-तीन हातांवर तिरकें बसवावें, पलीकडे पांढरी चादर धरावी आणि कॅमेऱ्यास हात लावण्यापूर्वीं चेहऱ्यावरील सावली नीट न्याहाळावी.

ठेवणींतलें लुगडें नेसून, संकोचानें पदर सांवरीत खिडकीशीं बसलेल्या वृद्ध मातेचें चित्र अशा वेळीं काढून पाहावें. लुगड्याचा कांठ उमटेल आणि मुखावरील रेषाहि उमटतील. त्या पुसण्यासाठीं दिवा समोर आणण्याचा मोह तेवढा आवरावा.