कामातून मिळणारी विद्या आणि कामातील समाधान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. ज्ञातीच्या संमेलनात बोलावयाचे म्हणजे पूर्वजांची थोरवी गावी, विद्यार्थ्यांस उपदेश करावा आणि शिक्षण-फंडाची आठवण देऊन खाली बसावे, असा प्रघात आहे. आज आम्ही त्याला थोडा फाटा देणार आहोत. आमच्या आयुष्याची पस्तीस वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखानदारीत गेली. कामावर मनुष्य काय शिकतो आणि कशाने समाधान पावतो, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून सोडीत नाही. हल्ली या शास्त्रास ‘मनुष्यबळ विकास’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी प्रश्न आपल्या घरातला आहे.

दिनांक १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या भूमीवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे नवे शहर आखले गेले. कारखाने त्याच्याही आधी, १९६० नंतरच्या दशकात येऊ लागले होते. शेते गेली, खाजणे गेली, मिठागरे गेली. मोबदल्यासाठी आपल्या माणसांनी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण वेचले, आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पदरात पडला. हा इतिहास येथे प्रत्येकास पाठ आहे. परंतु जमिनीबरोबर आणखी एक वस्तू गेली. तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचा मोबदला कोणी मागितलाही नाही. ती वस्तू म्हणजे आपली विद्या.

मीठ पिकविणे हे हमालीचे काम आहे, असा शहरी माणसाचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, ते बांधांनी आखलेल्या एका खणातून दुसऱ्या खणात उन्हावर आटवीत न्यावयाचे, आणि नेमक्या वेळी मिठाच्या खणात सोडावयाचे. लवकर सोडले तर चुनखडीसारखा गाळ मिठात उतरतो. उशीर केला तर पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठास कडू करतात. रसायनशास्त्र सांगते की पाण्याची दाटी बोमे मापकावर सुमारे पंचवीस अंश झाली की मीठ धरू लागते आणि एकोणतीस-तीस अंशांच्या सुमारास उरलेले कडू पाणी काढून टाकावे लागते. आपल्या आजोबांजवळ मापक नव्हता. पाण्याचा रंग, त्यावर येणारी साय, बोटांना लागणारा बुळबुळीतपणा आणि वाऱ्याची दिशा एवढ्यावरून ते हे ओळखीत. तळ पायांनी तुडवून किती कठीण करावा, याचेही प्रमाण ठरलेले असे. ही विद्या शाळेत मिळत नव्हती. आठ-दहा वर्षांचा मुलगा बापाच्या मागे बांधावर चाले, प्रथम नुसते पाही, मग पाणी अडवावयास बसे, मग एक खण त्याच्या हवाली होई. आणि एके दिवशी बाप म्हणे, ‘आज तू सांग, सोडू का पाणी?’ त्या दिवशी तो मुलगा आगरी झाला.

हाच मनुष्य पुढे कारखान्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा अर्जावर दोन रकाने होते. शिक्षण : नाही. कौशल्य : अकुशल.

येथे आमच्या अनुभवातील एक हकिकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आम्ही एका रासायनिक कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा आमच्या पाळीत मिठागरावरून आलेले एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांचे काम पंपांच्या खोलीची झाडलोट आणि तेलपाण्याचे डबे आणणे. एके रात्री त्यांनी लाकडी दांडक्याचे एक टोक पंपाच्या बेअरिंगवर ठेवले, दुसरे कानाशी धरले, आणि पाळीच्या अधिकाऱ्यास जाऊन सांगितले, ‘साहेब, हा आतून किरकिरतोय. फार दिवस नाही चालायचा.’ अधिकारी हसून म्हणाले, ‘तुम्ही झाडू मारा.’ तिसऱ्या दिवशी पंप जाम झाला आणि दीड दिवस काम बंद पडले. चौकशी झाली, कागद रंगले. दादांना मात्र कोणी काही विचारले नाही. पुढे वर्षभराने आम्ही त्यांना दुसऱ्या एका पंपाच्या आवाजाविषयी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘आपल्याला काय करायचंय?’ पगारवाढ त्यांना सर्वांबरोबर मिळत गेली, बोनसही मिळाला. परंतु त्या रात्रीनंतर त्यांनी यंत्राला कान लावला नाही, आणि मदतनीस म्हणूनच ते निवृत्त झाले.

पुढे आम्ही प्रशिक्षण विभागात गेलो आणि या विषयावरील ग्रंथ चाळू लागलो, तेव्हा दादांचीच कथा आम्हांस परदेशी नावांनी वाचावयास मिळाली. अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांना विचारले, की नोकरीत तुम्हांस फार आनंद केव्हा झाला आणि फार उद्वेग केव्हा आला? १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की उद्वेगाची कारणे बहुधा कारभार, वरिष्ठांचे वर्तन, पगार व कामाची परिस्थिती ही असतात. ती दूर केल्याने तक्रार मिटते, पण समाधान उपजत नाही. समाधान उपजते ते कार्यसिद्धी, गुणांची कदर, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम यांतून. या निष्कर्षावर आक्षेपही आले. मनुष्य यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, हे त्यांतील मुख्य होय. तो आक्षेप रास्त आहे. तथापि दादांच्या बाबतीत तक्रार करावी असे काही नव्हते आणि समाधानही नव्हते, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्याच देशातील उदाहरण हवे तर अहमदाबादच्या कॅलिको गिरणीचे घ्या. १९५३ साली ए. के. राइस या संशोधकाच्या सूचनेवरून तेथील स्वयंचलित मागांवरील कामगारांचे लहान गट केले गेले आणि मागांच्या एका संचाची सारी जबाबदारी एका गटाकडे आली. माग तेच होते, माणसे तीच होती. तरी उत्पादन वाढले आणि कापडातील दोष घटले.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचे १९९१ सालचे पुस्तक तर आम्हांस मिठागराच्या बांधावर घेऊन गेले. मनुष्य काम शिकतो तो जाणत्यांच्या मेळ्यात काठावरून प्रवेश करून, हळूहळू मध्यभागी सरकत, असे ते म्हणतात. लायबेरियातील शिंपी, मेक्सिकोतील सुइणी यांची उदाहरणे त्यांनी दिली आहेत. अमेरिकेतील मोठ्या दुकानांतल्या खाटकांचे उदाहरण मात्र मन विषण्ण करते. तेथे उमेदवारांना मांस गुंडाळण्याच्या यंत्रावर बसवीत, आणि ती जागा अशी असे की कसबी माणूस मांस कसे कापतो हे त्यांना दिसतच नसे. वर्षे भरत, पण विद्या येत नसे. बंधुभगिनींनो, आपल्या किती मुलांना कंत्राटदाराने असेच गुंडाळणीच्या खोलीत बसविले आहे, याचा प्रत्येकाने आपल्या घरात विचार करावा.

भारतीय उद्योगांनी याचा विचारच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि तो देशातील पहिला मानला जातो. परंतु अशा विभागांची सावली कायम नोकरांवर पडते. दाराबाहेरच्या कंत्राटी हातांवर ती क्वचितच पोहोचते.

आता थोडे कटू बोलतो, त्याची क्षमा असावी. दोष केवळ कारखानदारांचा नाही. आपणही नोकरी मागितली, काम मागितले नाही. मुलगा लागला की पेढे वाटले. तो तेथे काय शिकतो, हे विचारले नाही. ज्यांना गेटावर बसून पगार मिळाला त्यांचा आपण हेवा केला. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कित्येक रासायनिक कारखाने बंद पडले आणि त्याच पट्ट्यात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तेव्हा ज्याच्या हातात फिटरची, वेल्डरची वा विजेच्या कामाची विद्या होती तो दुसरीकडे लागला. ज्याच्या हातात केवळ ओळखपत्र होते, तो घरी बसला. जमीन विकली जाते, पैसा खर्च होतो, नोकरी सुटते. अंगी मुरलेले काम तेवढे कोणी संपादन करू शकत नाही.

हे आजच सांगण्याचे कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठीही आपल्याच गावांनी जागा सोडली. तेथे नोकऱ्यांची मागणी करणे हा हक्क आहे आणि तो सोडू नये; पगार आणि कायमपणा हा पाया आहे, त्यावाचून समाधानाच्या गोष्टी पोकळ होत. परंतु त्या मागणीला एक प्रश्न जोडावा : आमचा मुलगा, आमची मुलगी येथे कोणाच्या हाताखाली काय शिकेल? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर, कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. हे आपल्यापैकी कितीजणांनी दारात उभे राहून विचारले? शाळेविना शिकलेल्या कसबास परीक्षेनंतर प्रमाणपत्र देण्याची सोयही शासनाच्या कौशल्य योजनेत आहे. मोटार दुरुस्त करणाऱ्या, नळजोडणी करणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांच्या अर्जावरचा ‘अकुशल’ हा शब्द त्याने पुसला जाईल.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या ज्ञातीत आज जहाजावर, बंदरात, रुग्णालयांत, संगणकावर आणि यंत्रांवर काम करणारे जाणते स्त्रीपुरुष आहेत. त्यांची यादी या स्मरणिकेत जाहिरातींच्या शेजारी छापावी, आणि प्रत्येकाने वर्षाकाठी एक मुलगा वा मुलगी आपल्या बांधावर घ्यावी. यात मुलींची गणना प्रथम व्हावी. मिठाच्या पाट्या ज्यांनी डोक्यावरून वाहिल्या आणि खाडीची मासळी ज्यांनी बाजारात विकली, त्या आपल्या आज्यांना तर अर्जाचा रकानाही मिळाला नव्हता.

दादा आज हयात नाहीत. त्यांचा नातू परवा आम्हांस भेटला. तो एका कंपनीत यंत्रांच्या देखभालीवर आहे. बोलता बोलता म्हणाला, ‘काका, आमच्या साहेबांनी काल मला विचारलं, तुला काय वाटतं, मशीन चालू ठेवू का बंद करू?’ हे सांगताना त्याच्या मुखावर जो आनंद होता, तो कोणत्याही पगारपत्रकात मांडता येणार नाही. बांधावरचा तो जुना प्रश्नच त्याला नव्या ठिकाणी कोणीतरी विचारला होता.

तो प्रश्न आपल्या प्रत्येक मुलामुलीस विचारला जावो, एवढीच आमची इच्छा आहे.