आधी मुलाचं बोलणं ऐका

पौडच्या एखाद्या वर्गात मूल घरच्या बोलीत उत्तर देतं आणि नवा शिक्षक चटकन म्हणतो, ‘नीट बोल!’

डॉ. मॅक्सीन बर्नसन यांना ही घाई मान्य नव्हती. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी फलटणच्या मराठी बोलण्यातल्या सामाजिक भेदांवर पीएच.डी. केली आणि पुढे फलटणच्याच झाल्या. १९८६ साली त्यांनी तिथं ‘कमला निंबकर बालभवन’ सुरू केलं, तेही मराठी माध्यमाचं! मुलाची बोली चूक नाही, वाचन-लेखनाची सुरुवात तिच्यापासूनच करायची, हा त्यांचा शिक्षकांना आग्रह. प्रमाणभाषेला विरोध नव्हताच. फक्त तिची पाळी नंतरची.

पुढे हैदराबादला टाटा समाजविज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून त्यांनी प्रारंभिक साक्षरतेचं काम चालवलं.