नवे पिस्तुल आणि कोरडा सराव



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेतीचे अर्थकारण असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने आजचा विषय आडवळणाचा आहे. घरात नेमबाजीचे नवे पिस्तुल आले असता त्याची निगा कशी राखावी आणि गोळी न झाडता त्याचा सराव कसा करावा, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत. कांद्याच्या पेठेत पिस्तुलाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीसारख्या लहान गावच्या स्वप्नील कुसळे यांनी नाशिकला सराव केला आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. हे वाचून एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी बापाजवळ पिस्तुलाचा हट्ट धरते. चांगले स्पर्धेचे पिस्तुल लाखाच्या पुढे जाते. एका हंगामाची शिल्लक त्यात घातल्यावर ते कपाटात गंजत पडले, किंवा त्याने कोणाचा डोळा गेला, तर त्या घराचे दुःख कोणत्या पदकाने भरून यावे?

प्रथम कायद्याचे आणि सुरक्षेचे बोलू. पॉइंट बावीसचे पिस्तुल हे अग्निशस्त्र आहे. परवान्यावाचून ते घरात येता कामा नये. साडेचार मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाला कायद्याने बरीच मोकळीक दिली असली, तरी तेवढ्याने ते खेळणे होत नाही. ते पेटीत, पेटी कुलपात, आणि छर्रे दुसऱ्याच कपाटात, असा घरचा दंडक असावा. पाहुण्यांना कौतुकाने दाखविण्याची ती वस्तू नव्हे.

आता निगा. नव्या मालकाला उत्साहाच्या भरात तेल फार लागते. वास्तविक हवेच्या पिस्तुलाला तेलाचा सोस घातक आहे. त्याच्या नळकांड्यात दोनशे बारपर्यंत दाबाची हवा असते. एवढ्या दाबाखाली साधे तेल पेट घेऊ शकते. म्हणून हवेच्या वाटेत तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. रबरी कड्यांना काय लावायचे ते कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेवढेच लावावे. नळकांड्यावर तारीख कोरलेली असते आणि त्याचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षांचे धरतात. जुने पिस्तुल विकत घेणाऱ्याने ती तारीख आधी वाचावी आणि मग भाव करावा.

पॉइंट बावीसच्या पिस्तुलात दारूची काजळी, शिसे आणि मेण साचते. सराव संपल्यावर काडतूस जिथे बसते ती जागा पुसावी, नळीतून कापडाची चिंधी शक्यतो मागच्या बाजूने घालावी, आणि तेलाचा केवळ हात फिरवावा. शिसे विषारी आहे. छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

आपल्याकडची खरी वैरीण म्हणजे धूळ आणि पावसाळ्यातली ओल. ओल कोंडली की चाळीतला कांदा सडतो, हे या गावाला आम्ही सांगायला नको. पिस्तुलाच्या पेटीतला स्पंजही तशीच ओल धरून ठेवतो. घामाचा हात लागलेले पिस्तुल तसेच पेटीत घातले तर त्यावर गंज चढतो. म्हणून ते कोरड्या फडक्याने पुसावे, ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी पेटीत ठेवावी, आणि पावसाळ्यात पेटी आठवड्यातून एकदा उघडून पाहावी.

इतके झाले म्हणजे पिस्तुल टिकेल. नेम मात्र एवढ्याने येणार नाही. त्यासाठी कोरडा सराव. छर्रा न घालता नेम धरणे आणि चाप ओढणे, याला नेमबाज ड्राय फायरिंग म्हणतात. याचे मर्म एका हिशेबात आहे. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर समजा बत्तीस सेंटिमीटर आहे. सबंध हात एक मिलिमीटर सरकला तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. परंतु माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर लक्ष्यावर ती चूक सुमारे एकतीस मिलिमीटर होते, आणि दहाचा नेम सातावर येतो. ही ढळ बहुधा चाप ओढतानाच होते. हवेच्या पिस्तुलाच्या चापाला किमान अर्ध्या किलोचा भार पेलता आला पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे. हे अर्धा किलो माशी न हलविता ओढणे, ही सारी विद्या. ती शिकायला छर्रा लागत नाही.

मात्र कोणते पिस्तुल रिकामे झाडावे, हे आधी जाणून घ्यावे. स्पर्धेच्या आधुनिक हवेच्या पिस्तुलात यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगचे पिस्तुल छर्ऱ्याशिवाय कधी झाडू नये. त्याचा दट्ट्या आतल्या भिंतीवर आदळून मोडतोड होते. पॉइंट बावीसमध्ये आतली सुई नळीच्या कडेवर आपटण्याची भीती असते. तिथे पुस्तिका सांगेल तसे करावे, किंवा नकली काडतूस वापरावे.

सरावाची रीत अशी. छर्रे आणि काडतुसे खोलीबाहेर ठेवावीत. पिस्तुल रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि पुन्हा एकदा पाहावे. ज्या भिंतीपलीकडे माणसांचा वावर नाही, अशा कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहावे. भिंतीवर लक्ष्य लावू नये; डोळा लक्ष्याकडे धावतो आणि माशी विसरतो. हात उचलावा, श्वास अर्धा सोडून थांबावा, माशीवर नजर ठेवून चाप हळू दाबावा. चाप सुटल्यानंतरही क्षणभर माशी कुठे आहे ते पाहावे. आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही तर हात खाली घ्यावा. ओढूनताणून झाडलेला नेम वाईट सवय लावतो. असे रोज तीस वेळा पुरे. हात थकला की थांबावे आणि वहीत दोन ओळी लिहाव्यात.

सराव संपला की "संपला" असे मोठ्याने म्हणून पिस्तुल कुलपात टाकावे. छर्रे खोलीत परत आल्यानंतर "आता एकदाच" म्हणून ओढलेल्या चापानेच अपघात होतात.

नाशिकला राहून ज्यांनी कित्येक खेळाडू घडविले, ते पोलीस अधिकारी आणि क्रीडा-मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम २०१७ साली गेले. मनाच्या एकाग्रतेवर त्यांचा सारा भर असे, आणि कोरडा सराव ही त्या एकाग्रतेची रोजची तालीम आहे. इथून नाशिक सुमारे साठ किलोमीटर. तिथल्या रेंजवर रोज जाणे सर्वांना परवडणार नाही; पण कोरी भिंत घरोघरी आहे. म्हणून पालकांना आमची विनंती इतकीच की, मुलाला महागडे पिस्तुल आणून देण्यापूर्वी शिक्षकाकडून उसन्या पिस्तुलावर तीन महिने हा सराव करवून घ्यावा. एकही आवाज न होता, एकही गुण न मिळता जो रोज भिंतीसमोर उभा राहील, त्याच्यासाठी खुशाल पैसा खर्च करा. जो कंटाळेल, त्याचेही भलेच झाले. त्याला दुसरा खेळ सापडेल आणि तुमची शिल्लक शाबूत राहील.