घाटावरचा तराजू आणि मानखुर्दची पीएच.डी.

(कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



बनारसच्या बैठकीचा वृत्तांत आपण ऐकलात. पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे सारे त्यात आले. आता थोडे वेगळे बोलतो. मॅट्रिक झालेल्या चिटणिसाने पीएच.डी.वर बोलावे का, असे कोणाला वाटले तर जरूर वाटू द्या.

बैठक आटोपल्यावर आम्ही चौघे मणिकर्णिका घाटावर गेलो. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचे काम केले, त्यामुळे मराठी माणसाची पावले तिकडे वळतातच. चिता रात्रंदिवस जळत असतात. लाकडांच्या गंजी, मोठाले तराजू, विक्री मणाच्या हिशेबाने. एका तराजूपाशी दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभा होता. वेळ शाळेची. साडेपाच मणाचे किती, असे आम्ही विचारले. त्याने क्षणात आकडा सांगितला. आमच्यातल्या बुकिंग क्लार्क साथीने तोच हिशेब पावतीच्या मागे मांडून त्याच्यापुढे धरला. पोराने कागदाकडे पाहिले, मान हलवली आणि पुन्हा लाकडे रचू लागला. परतीच्या महानगरीत आम्ही त्याच्यावरच बोलत होतो. हा मुलगा गणितात हुशार की नापास?

बंधूंनो, गाडी रुळावरून घसरली की ट्रॅफिक, लोको, पी-वे, कॅरेज अशा सगळ्यांचे सुपरवायझर जागेवर येतात आणि जॉइंट नोट लिहितात. एकट्या लोकोवाल्याला लिहायला दिली तर दोष रुळाचा निघेल, एकट्या पी-वेवाल्याला दिली तर चाकाचा. (भांडणे होतात, ते आपल्याला ठाऊक आहे. पण मापे तरी सगळ्यांसमोर घेतली जातात.) पोरगे शाळेतून घसरते तेव्हा मात्र एकच खाते अहवाल लिहिते आणि शेरा ठरलेला: पालक अडाणी, मूल गैरहजर.

या प्रश्नाची जॉइंट नोट लिहिणारी माणसे तयार करण्याचे काम आपल्या हार्बर लाइनवर चालते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ते हेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पदार्थवैज्ञानिक व्ही. जी. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ते १९७४ साली सुरू झाले, तेही नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत. विज्ञान शिकवण्यावर संशोधन करून तिथे पीएच.डी. मिळते. कोणी पदार्थविज्ञानातून येतो, कोणी गणितातून, कोणी जीवशास्त्रातून. पण आपल्या विषयापुरते पाहून भागत नाही. मूल शिकते कसे, त्याची भाषा कोणती, घरात काम काय चालते, हेही तपासावे लागते आणि जे म्हणायचे त्याला पुरावा द्यावा लागतो.

तिथल्याच अरिंदम बोस यांनी के. सुब्रमण्यम यांच्या मार्गदर्शनाखाली धारावीतल्या मुलांचा अभ्यास केला. महापालिका शाळेत जाणारी ही मुले घरी जरीकाम, शिलाई, खडे चिकटवणे अशा कामांत हात लावतात. त्या कामांतून त्यांच्याजवळ मापांचे आणि हिशेबाचे किती ज्ञान येते, हे त्यांनी मुलांबरोबर बसून, वस्तीत जाऊन पाहिले. शाळेच्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो.

पुढे २०२५ साली नेचर या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास छापला. ही मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करत होती, पण तशीच वजाबाकी-भागाकार शाळेच्या पद्धतीने कागदावर आला की अडत होती. उलट शाळकरी मुलांना कागदावर जमत होते आणि बाजारात जमत नव्हते. आमचा घाटावरचा पोरगा एकटा नव्हता तर.

आता बनारसला लागूनच असलेल्या जौनपूर जिल्ह्याची गोष्ट. २००५-०६ मध्ये तिथल्या २८० गावांत याच अर्थशास्त्रज्ञांनी 'प्रथम' या संस्थेबरोबर प्रयोग केला. 'प्रथम' मूळची मुंबईची. तिचे संस्थापक माधव चव्हाण रसायनशास्त्रातले डॉक्टर आणि लाल निशाण पक्षाचे कामगार नेते यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. प्रयोगात काही गावांत शिक्षण समितीची माहिती दिली, काही ठिकाणी शिवाय गावकऱ्यांना मुलांचे वाचन तपासायला शिकवले. सरकारी शाळांत फरक पडला नाही. जिथे गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवले, तिथे वर्गाला आलेली मुले वाचनात पुढे गेली. पण आली किती? गावातल्या शंभर मुलांतली आठेक.

आम्हाला ती न आलेली ब्याण्णव महत्त्वाची वाटतात. त्यातली काही शेतावर असतील, काही धाकट्या भावंडाला सांभाळत असतील, काहींना आधीच वाचता येत असेल. आकडेवारी जाणणाऱ्याला हा आकडा काढता येतो. तो असा का आला, हे शोधायला मजुरी आणि घर कळणारा माणूस बरोबर लागतो. तो माणूस कोणत्या घरातून येणार?

म्हणून एक विनंती. आपल्या ट्रॅकमन, पॉइंट्समन, पोस्टमन बंधूंची मुलेमुली एम.एस्सी. होतात आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासला वर्षे घालवतात. बहिणींनो, तुमच्या मुलींनाही सांगा, की अशी पीएच.डी. असते, त्या काळात विद्यावेतन मिळते, आणि वस्तीत वाढलेल्या मुलीला धारावीत काय विचारायचे हे शिकवावे लागत नाही. पुढच्या रविवारी युनियन ऑफिसात अशा मुलामुलींना घेऊन या. प्रवेशाची माहिती तोवर आम्ही मानखुर्दला जाऊन आणतो. पास आहेच.