पहिली गाडी, पण जुनी

आजवर एसटी आणि स्कूटरवर निभावलं. आता अम्मीला दर आठवड्याला सांगलीहून मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून गाडीचा विषय निघाला. निवृत्तीच्या तोंडावर नव्या गाडीचं कर्ज नको वाटलं. मुलगा म्हणाला, "अब्बा, १२ वर्षांची सेडान आहे. डिकी मोठी, दादीची व्हीलचेअर आरामात मावेल."

गाडी चकचकीत होती. ओळखीच्या मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. थंड इंजिन चालू करून धूर पाहिला, स्टेपनी काढून खालचा पत्रा चाचपला. मीटर ३० हजार किलोमीटर दाखवत होतं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत! अतिशयोक्ती आम्हा कवींनाही जमते, पण न्यूनोक्ती इतकी नाही.

आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणून तो उतरवल्याशिवाय गाडी निर्वेधपणे आपली होत नाही. शिवाय खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे तीनच वर्षांत तपासणी आणि पुन्हा नोंदणी. तरीही किमतीला भुलून मी बयाणा द्यायला निघालो होतो.

तेवढ्यात अम्मीला बसवून पाहिलं. बसली, पण उठता येईना. बैठक खाली, गुडघे गेलेले. आम्ही दोघांनी हात धरून तिला बाहेर काढलं. पदर सावरत ती म्हणाली, "बेटा, रिक्षाच बरी."

बयाणा खिशातच राहिला. आता उंच बैठकीची जुनी गाडी शोधतोय, आणि पाहायला जाताना अम्मीला बरोबर नेतोय.