निवृत्तांचा पुरवणी आरोग्यविमा : जोड कशी द्यावी?

(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय ऐकण्यास रुक्ष आहे. त्यात ना कथा, ना काव्य. परंतु ठाकूरद्वार नाक्यापासून चर्नी रोड स्थानकापर्यंतच्या चाळींतून आणि इमारतींतून ज्या घरांत मोठे आजारपण येऊन गेले, त्या घरांना हा विषय रुक्ष वाटणार नाही. रुग्णालयाचे अंतिम बिल हाती पडते तेव्हा 'विमा आहे का?' हा प्रश्न फारसा उरलेला नसतो. विमा बहुतेकांचा असतोच. 'विम्याने किती दिले आणि उरलेले कोठून आणायचे?' हा खरा प्रश्न असतो. त्या उरलेल्या रकमेसाठी प्रथम मुदतठेव मोडली जाते, मग कपाटातील दागिने बाहेर येतात आणि शेवटी कोणत्या तरी न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे संकोचाने अर्ज केला जातो. जन्मभर दुसऱ्याला देण्यासाठी पुढे झालेला हात उतारवयात अर्ज लिहू लागतो, हे दुःख पैशाच्या दुःखाहून मोठे आहे. यांतील अनेकांनी हप्ते नियमित भरलेले असतात. चूक असते ती मूळ पॉलिसीला दिलेल्या जोडीत.

आपल्याकडे 'मेडिक्लेम' हा शब्द रूढ झाला तो १९८६ पासून, जेव्हा चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी त्या नावाची योजना आणली. गिरगावातील पुष्कळ नोकरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी पुढील काळात ती घेतली. त्या वेळी लाखभराचे संरक्षण भरभक्कम वाटे. रुग्णालयांचे दर वाढत गेले, पॉलिसीवरचा आकडा मात्र पुष्कळांनी वाढवलाच नाही. नोकरदारांचे निराळेच. कंपनीची समूह पॉलिसी आहे म्हणून स्वतःची घेतली नाही आणि निवृत्तीच्या दिवशी हार-नारळाबरोबर ते संरक्षणही कार्यालयातच राहिले. दुकानदाराला तर निवृत्तीची तारीखच नसते. मुलाने गल्ल्याची किल्ली हाती घेतली, की तीच निवृत्ती. त्यामुळे त्याचा निर्णय आणखी लांबतो.

मूळ संरक्षण अपुरे आहे आणि ते वाढवायला गेल्यास या वयात हप्ता परवडत नाही, अशा स्थितीत 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' या पुरवणी पॉलिसी उपयोगी पडतात. विशिष्ट रकमेपर्यंतचा खर्च आपल्या मूळ पॉलिसीने किंवा आपल्या खिशाने सोसायचा, त्यावरचा खर्च पुरवणी पॉलिसीने, असा हा व्यवहार. त्या खालच्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. लहान खर्च कंपनीच्या अंगावर येत नसल्याने हप्ता पुष्कळ कमी बसतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण बँक निवृत्तांचे आहे आणि आपल्या परिसरात बँकेतून निवृत्त झालेली मंडळी कमी नाहीत. २५ मे २०१५ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यात दहावा द्विपक्षीय करार झाला. त्यानुसार अधिकाऱ्यांना चार लाख व इतर कर्मचाऱ्यांना तीन लाख रुपयांचा कुटुंब आरोग्यविमा मिळाला. निवृत्तांनाही नोव्हेंबर २०१५ पासून तो घेता येऊ लागला, पण ऐच्छिक आणि हप्ता स्वतःच्या खिशातून भरून. पहिल्या वर्षीचा हप्ता दहा हजारांच्या आत होता. पुढील नूतनीकरणांत तो कित्येक पटींनी वाढला. कारण समजण्यासारखे आहे. ज्या गटात सगळेच वयस्कर, तेथे दावे अधिक येणार, हप्ता चढणार, मग निरोगी माणसे बाहेर पडणार आणि उरलेल्यांचा हप्ता पुन्हा चढणार. पुढे याच योजनेला अधिकाऱ्यांसाठी पाच लाखांची आणि इतरांसाठी चार लाखांची सुपर टॉप-अप पुरवणी जोडण्यात आली. हप्त्याच्या ओझ्याने मूळ पॉलिसी सोडावी की पुरवणी सोडावी, या विवंचनेत अनेक निवृत्त पडले. त्या विवंचनेचे उत्तर शोधण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

समजा, ठाकूरद्वारच्या चाळीतील एक गृहस्थ बँकेतून लिपिक म्हणून निवृत्त झाले आहेत. उभयतांसाठी तीन लाखांची मूळ पॉलिसी आहे. माघात त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, बिल झाले २ लाख ४० हजार. श्रावणात पत्नीची शस्त्रक्रिया झाली, बिल २ लाख ६० हजार. दोन्ही आजारपणे एकाच विमा वर्षातली. मूळ पॉलिसीने पहिले बिल पूर्ण दिले आणि दुसऱ्यातील ६० हजार दिले. तेथे तीन लाख संपले. राहिले दोन लाख. आता त्यांनी तीन लाखांच्या डिडक्टिबलची साधी टॉप-अप घेतली असेल, तर ती काय देईल? एक रुपयाही नाही. कारण साधी टॉप-अप प्रत्येक आजारपण वेगळे मोजते आणि दोहोंपैकी एकही बिल तीन लाखांवर गेलेले नाही. सुपर टॉप-अप मात्र वर्षभराची बिले एकत्र मोजते. पाच लाखांतून तीन लाख वजा, उरलेले दोन लाख ती देईल. नावात एका 'सुपर'चा फरक, आणि घरात दोन लाखांचा! वयस्कर माणसाचे आजारपण बहुधा एका मोठ्या बिलाच्या रूपाने येत नाही, वर्षात दोन-तीनदा येते. म्हणून निवृत्ताने सुपर टॉप-अपच घ्यावी, यात मतभेदाला जागा नाही.

कापडाच्या व्यवसायात जोड देताना पन्हा जुळतो का, हे आधी पाहतात. येथेही तेच. मूळ पॉलिसी तीन लाखांची आणि पुरवणीचे डिडक्टिबल पाच लाखांचे, तर मधले दोन लाख उघडे राहिले. मूळ पॉलिसी उभयतांत मिळून तीन लाखांची, पण पुरवणी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र व प्रत्येकावर तीन लाखांचे डिडक्टिबल, तरी जोड उसवली. वरच्याच उदाहरणात पती आणि पत्नी यांच्यापैकी एकाचाही खर्च तीन लाखांवर गेलेला नाही, म्हणजे पुन्हा शून्य. दोन्ही पॉलिसींच्या तारखाही जुळल्या पाहिजेत. बँक निवृत्तांची समूह पॉलिसी नोव्हेंबर ते ऑक्टोबर चालते. बाहेरून घेतलेली पुरवणी एप्रिलमध्ये सुरू होत असेल, तर फेब्रुवारीतील आणि मे महिन्यातील आजारपण मूळ पॉलिसीच्या दृष्टीने एकाच वर्षातले, परंतु पुरवणीच्या दृष्टीने दोन वर्षांतले ठरते. मग बेरीज होत नाही. ही गोष्ट एजंट क्वचितच सांगतो. कपटाने नव्हे, त्यालाही ती ठाऊक नसते.

मूळ पॉलिसी सोडून केवळ पुरवणी ठेवावी काय? कायद्याने त्याला बाधा नाही. खालची रक्कम दुसऱ्या विम्याने दिली की खिशातून गेली, याच्याशी पुरवणी कंपनीला कर्तव्य नसते. परंतु मग तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत, कोणत्याही लग्नकार्यासाठी हात न लावता, ठेवावी लागेल. ज्याच्याजवळ अशी ठेव आहे आणि मूळ पॉलिसीचा हप्ता असह्य झाला आहे, त्याने हा मार्ग विचारपूर्वक घ्यावा. ज्याच्याजवळ ठेव नाही त्याने मूळ पॉलिसी सोडली, तर जमिनीवाचून माडी बांधल्यासारखे होईल. एकदा सोडलेली समूह पॉलिसी पुन्हा मिळेलच असेही नाही.

खोलीभाड्याची अट हे दुसरे फसवे कलम. अनेक जुन्या पॉलिसींत रोजचे खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन लाखांवर तीन हजार रुपये, एवढेच मान्य असते. नातेवाइकांनी प्रेमापोटी सहा हजारांची खोली घेतली, तर चार दिवसांचे बारा हजार खिशातून जातील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात खोलीच्या वर्गानुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयात शल्यविशारदाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शुश्रूषेचा आकार हे सर्व त्याच प्रमाणात निम्मे होते. ते शुल्क एक लाख वीस हजार असेल, तर आणखी साठ हजार गेले. एकूण बहात्तर हजार. २०२० च्या नियमांनी औषधे, तपासण्या व शरीरात बसवायची उपकरणे यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, एवढाच दिलासा. असे कापलेले पैसे पुरवणी पॉलिसी आपोआप भरून देईल, या भ्रमात राहू नये. ती स्वतःच्या अटींनीच मोजते. तेव्हा रुग्णाला दाखल करताना खोली निवडण्याआधी पॉलिसीचा कागद पाहावा. यासाठी तो कागद कोठे आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असले पाहिजे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. प्रस्तावपत्रात मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली हृदयाची तपासणी या गोष्टी लिहायच्या की नाहीत? 'कशाला लिहिता, उगाच हप्ता वाढेल', असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दाव्याच्या वेळी मात्र ते भेटत नाहीत. रुग्णालयात दाखल होताना रुग्ण स्वतःच डॉक्टरांना सांगतो, 'बारा वर्षांपासून साखर आहे', आणि ते वाक्य केसपेपरवर उतरते. विमा कंपनी तोच केसपेपर मागवते. मग दावा फेटाळला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षांचा करण्यात आला. पूर्वी तो चार वर्षांचा होता. पाच वर्षे सलग पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षे होती. म्हणजे खरे लिहून तीन वर्षे थांबणे शक्य आहे आणि खोटे लिहून निश्चिंत राहणे शक्य नाही. एजंटाने फॉर्म भरला असला, तरी सही आपली असते. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते. त्या तीस दिवसांत एकदा चष्मा लावून सर्व वाचून काढावे, मुलाकडून वाचून घ्यावे.

पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही, ही समजूत आता जुनी झाली. वयाची ती मर्यादा २०२४ मध्ये निघाली. मात्र कंपनीने वैद्यकीय तपासणीनंतर नकार देण्याचा अधिकार राहिलाच आहे, म्हणून निवृत्तीआधी, प्रकृती ठीक असताना पुरवणी घेणे श्रेयस्कर. समूह पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते व मागील वर्षांचा प्रतीक्षा कालावधी जमेस धरला जातो. त्याची चौकशी निवृत्तीपूर्वी दोन-तीन महिने तरी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटी माफ झाला. समूह पॉलिसींना त्या वेळी ही सवलत मिळाली नाही, हे निवृत्तांचे रास्त गाऱ्हाणे आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक जोड आहे आणि तिला हप्ता नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना सत्तर व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरात सत्तरीचे दोघे असतील तर रक्कम दोघांत मिळून. खासगी विमा असलेल्यांनाही ती घेता येते, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. जुन्या आजारांना प्रतीक्षा नाही. उपचार केवळ यादीतील रुग्णालयांतच मिळतात, बाहेरचे बिल नंतर भरून मिळत नाही. तेव्हा आपल्या नेहमीच्या रुग्णालयाचे नाव यादीत आहे का, हे आजारी पडण्यापूर्वी पाहावे. आधार कार्ड घेऊन वय वंदना कार्ड काढणे हे फार तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. आपल्यापैकी सुस्थितीतील काहींना सरकारी कार्ड काढण्यात कमीपणा वाटतो. तो कमीपणा अनाठायी आहे.

दाव्याच्या वेळी दोन कंपन्यांशी गाठ असते. रुग्णाला दाखल करताच दोघींनाही कळवावे. मूळ कंपनीला कागद देण्यापूर्वी प्रत्येक कागदाची रुग्णालयाकडून साक्षांकित प्रत घ्यावी आणि पैसे मिळाल्यावर तिचे हिशेबपत्र मागून घ्यावे. त्याखेरीज पुरवणी कंपनी पुढे सरकत नाही.

आणि दावा नाकारलाच तर? प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे मुंबई कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवरील जीवन सेवा अनेक्स इमारतीत आहे. पन्नास लाखांपर्यंतचे दावे तेथे ऐकले जातात. शुल्क नाही, वकील नाही. चर्नी रोडहून अंधेरी किंवा बोरिवलीची धीमी गाडी पकडावी, कागदांची पिशवी बरोबर असावी, आणि शक्य तर एखादा तरुण नातू सोबत न्यावा. तेथील जिने चढण्यासाठी नव्हे, तर पुढे त्याच्या आई-वडिलांचे कागद त्यालाच सांभाळायचे आहेत म्हणून.